अकरा इंच अक्रोड

लिलाववाल्याने रायफल उचलून धरली तेव्हा अंगणातल्या चाळीस-पन्नास माणसांपैकी कुणी चहाच्या कपातून तोंडही वर काढलं नाही. त्याआधी दूध काढायचं यंत्र गेलं होतं, कुंपणाच्या तारेची भेंडोळी गेली होती, आणि आता सगळ्यांचा डोळा डिझेलच्या टाकीवर होता.

नायरी कॉग्लन खरं तर लाकूडकामाच्या शिकंज्यांसाठी आली होती. शिकंजे होकिटिका गावच्या एका माणसाने तिच्या नाकासमोरून नेले, म्हणून ती घरी निघायच्या बेतात होती. पण रायफल दिसली आणि तिचे पाय थांबले. जुनी थ्री नॉट थ्री. पहिल्या महायुद्धाच्या घाटाची, सैन्याने विकून टाकलेली, आणि मग कुणीतरी करवत घेऊन भादरलेली. पुढचं निम्मं लाकूड गायब, वरची लाकडी झाकणं गायब, टोकाची लोखंडी टोपी गायब. नळी उघडीवाघडी पुढे आलेली, पिसं काढलेल्या बदकाच्या मानेसारखी.

हरणांच्या सरकारी शिकाऱ्यांनी पन्नास-साठ वर्षांपूर्वी अशा शेकडो रायफली कापल्या होत्या. डोंगरात हरणं माजली होती, सरकार ती मारायला पगार आणि काडतुसं देत होतं, आणि पोरं महिनोन् महिने पाठीवर सगळा संसार घेऊन हिंडत होती. वजन कमी करायचं तर टूथब्रशचासुद्धा दांडा कापायची. रायफल कशी सुटणार?

तिने परवाना दाखवला, रायफल हातात घेतली, बोल्ट बाहेर काढला आणि नळीतून आभाळाकडे पाहिलं. आत स्वच्छ, चकचकीत वळणं. नळीचं टोक शाबूत, नेम धरायची माशी जागच्या जागी. म्हणजे कापणाऱ्याने लाकूड कापलं होतं, नळीला हात लावला नव्हता. बोल्टवरचा नंबर आणि अंगावरचा नंबर एकच. मग तिने कापलेल्या लाकडाचं टोक अंगठ्याने चाचपलं. मधल्या पट्टीच्या जेमतेम पुढे, काटकोनात, एका दमात मारलेला काप. वरून कानशीने कडा गोल केल्या होत्या, पण काप मुळात सरळ होता.

नव्वद डॉलरला तिने ती घेतली. दुसरं कुणी बोललंच नाही.

कुणी बोललं नाही म्हणजे बोलीत. एरवी डेस पास्को बोललाच. डेस म्हणजे खोऱ्यातल्या रायफल क्लबचं जुनं खोड. क्लबची शस्त्रं त्याच्या ताब्यात, स्वतःच्या घरी अकरा लष्करी रायफली, अकराही मूळ रूपात, आणि त्यातली एकही तो दुसऱ्याला हातात द्यायचा नाही.

"नव्वद? अगं, टोमॅटोच्या रोपाला आधार द्यायला याहून स्वस्त पाइप मिळतो," तो म्हणाला.

"एप्रिलच्या शूटला आणते ही."

डेस हसला. युद्धातल्या सैनिकांच्या स्मरणाचा अँझॅक दिन एप्रिलमध्ये असतो; त्यानंतरच्या रविवारी क्लबची जुन्या लष्करी रायफलींची स्पर्धा असायची आणि तिचा नियम एकच होता. रायफल सैन्याने हाती दिली तशी हवी. कापलेली, सजवलेली, दुर्बीण लावलेली चालणार नाही. तपासणी करणारा डेसच.

"तशी म्हणजे तशी, नायरी. रंग फासून चालायचं नाही."

"लोखंडाला काही झालेलं नाही, आणि लाकूड हे माझं काम आहे," ती म्हणाली आणि रायफल कोटात गुंडाळून गाडीकडे गेली.

ही काही बढाई नव्हती. सोळाव्या वर्षी ती ग्रेमाउथच्या सुतारकामाच्या कारखान्यात लागली तेव्हा मालकाने तिच्या हातात झाडू दिला होता. विसाव्या वर्षी त्याच मालकाने तिच्या हातात जिने दिले. चौतीस वर्षं तिने दारं, खिडक्या, वळणाचे जिने केले, आणि त्यातलं एकही दार कुरकुरत नाही असं ती सांगायची, ते खोटं ठरवायला अजून कुणी आलं नव्हतं. आता त्रेसष्टाव्या वर्षी घरामागच्या शेडमध्ये ती खुर्च्या दुरुस्त करायची, आणि हिवाळ्यात जुन्या रायफलींची लाकडं. अशा तीन तिने उभ्या केल्या होत्या. पण त्या तुटलेल्या होत्या. कापलेली ही पहिलीच.

सोपा रस्ता होता. डेसकडेच भारतातल्या ईशापूरच्या कारखान्यातलं एक अखंड पुढचं लाकूड पडून होतं. ते बसव आणि मोकळी हो, असं तो दोनदा म्हणालाही. पण त्या सरळ कापाने नायरीच्या डोक्यात किडा सोडला होता. ज्या माणसाने इतकं नीट कापलं, त्याने कापलेला तुकडा फेकला असेल का?

रायफल आयव्हर हॅगलंडची होती. तो जिवंत होता, होकिटिकाच्या वृद्धाश्रमात. शेत लेकीने लिलावात काढलं होतं. नायरी एका मंगळवारी पोर्क पाय, म्हणजे डुकराच्या खिम्याची भाजलेली पोळी घेऊन त्याला भेटायला गेली.

आयव्हर खिडकीशी बसून घोड्यांच्या शर्यती ऐकत होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, अंगाने सुकलेला, पण मनगटं अजून खांबासारखी. उजवा कान गोळीबाराने गेलेला. नायरीने डाव्या बाजूला खुर्ची ओढली आणि आपण कोण, कशासाठी आलो ते सांगितलं.

"ग्लेनिसने विकली होय? कितीला?"

"नव्वद."

"लुबाडलं तुला," तो म्हणाला आणि पोर्क पाय खायला लागला.

रायफल तिला का हवी, हे कळल्यावर मात्र त्याने हातातला घास बशीत ठेवला. छप्पन्न साली, बाविसाव्या वर्षी, वरल्या संगमाच्या झोपडीत त्याने ती कापली होती. मांस कापायच्या करवतीने, मेणबत्तीशी बसून; एक रात्र काप, दुसरी रात्र कानस. हे सांगताना त्याच्या आवाजात पश्चात्तापाचा लवलेश नव्हता.

"अर्धा किलो उतरवलं मी तिच्या अंगावरनं. अर्धा किलो म्हणजे काय, ठाऊक आहे तुला? दिवसाला दोन खिंडी, पाठीवर ओली कातडी, आणि सात वर्षं. एवढं वजन मी वाहिलं नाही. ते तू परत चढवणार?"

"हो."

"कशाला?"

नायरीने खरं ते सांगितलं. "मला येतं म्हणून."

म्हातारा खोकला लागेपर्यंत हसला. हे उत्तर त्याला पटलं होतं. त्यानेही तर ती करवत येते म्हणूनच चालवली होती.

मग त्याने सगळं सांगितलं. वरची दोन झाकणं त्याने चुलीत घातली, त्यावर चहा झाला. लोखंडी टोपी नदीत भिरकावली. पण पुढचं अकरा इंचांचं लाकूड अक्रोडाचं होतं, ते जाळायला जीव झाला नाही. आणि तेव्हा झोपडीला कियांचा ताप होता. डोंगरातला हा हिरवा पोपट चोचीने काहीही उघडतो. दाराचा तारेचा आकडा उचलायला ते शिकले होते. आत शिरून लोणी खायचे, बुटांच्या नाड्या ओढून काढायचे, एकदा तर त्यांनी आयव्हरची चादर नदीपर्यंत नेली होती. म्हणून त्याने त्या तुकड्याला मधोमध एक भोक पाडलं, दाराच्या चौकटीवर खिळ्याने बसवला आणि त्याचा फिरता अडसर केला. जड होता. कियाला हलला नाही.

"असेल अजून," तो म्हणाला. "मी केलेलं पडत नाही."

निघताना दारात त्याची लेक ग्लेनिस भेटली. पन्नाशीची, शाळेची बस चालवणारी, कमी बोलणारी बाई. तिला वाटलं रायफलीची काही तक्रार आहे. नायरीने झोपडीचा बेत सांगितला तेव्हा ती म्हणाली, "जन्मापासून त्या झोपडीच्या गोष्टी ऐकतेय. आईला त्यांनी कधी नेलं नाही, मलाही नाही. मी आले तर चालेल?"

झोपडीची देखभाल करणाऱ्या स्वयंसेवकांच्या प्रमुखाला नायरीने फोन केला. त्याने सांगितलं, तुकडा सापडला तर खुशाल घ्या, पण जिथून काढाल तिथे काहीतरी ठेवा. तेव्हा नायरीने राता नावाच्या तिथल्या कठीण झाडाच्या लाकडाचा एक नवा अडसर घडवला, तेल पाजलं, आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दोघी निघाल्या.

वाट म्हणजे निम्मी नदीच. कमरेइतक्या पाण्यातून हाताला हात धरून पार होणं, मग झाडांच्या मुळांना धरून चढणं, मग परत पाणी. ग्लेनिसचे गुडघे पहिल्याच दिवशी बोलायला लागले, पण ती बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी झाडी संपली, पिवळं गवत लागलं, आणि संगमावर ती लाल पत्र्याची झोपडी दिसली.

दाराला चकचकीत पोलादी कडी होती. कोरी, चार-पाच वर्षांची. चौकटीवर जुन्या खिळ्याचं गंजकं भोक तेवढं उरलं होतं.

नायरीने झोपडी उलटीपालटी केली. चुलीमागे पाहिलं, लाकडाच्या ढिगात पाहिलं, मांस टांगायच्या जाळीच्या कपाटात पाहिलं. काही नाही. नवी कडी बसवणाऱ्याने जुना अडसर चुलीत घातला असणार, हे उघड होतं. ती बाकावर बसली आणि तिने बिस्किटाचा पुडा फोडला. रागवायला समोर कुणी नव्हतं.

ग्लेनिस मात्र भिंतीशी उभी होती. फळ्यांवर पेन्सिलीने सत्तर वर्षांची नावं लिहिली होती. त्यात एके ठिकाणी तिच्या बापाचं तिरकं अक्षर होतं: "किया ७, हॅगलंड ०." आणि त्याखाली, दुसऱ्या दिवसाच्या तारखेने: "किया ७, हॅगलंड १." ती हसता हसता डोळे पुसायला लागली. नायरीने तिला चहा दिला आणि बाहेर जाऊन उगाच लाकडं फोडली.

रात्री वायव्येचं वादळ आलं. सकाळी नदी तपकिरी होऊन दगड गडगडवत चालली होती. निघणं शक्य नव्हतं. दोघींनी दिवसभर पत्ते खेळले, सूप प्यालं, ग्लेनिसने बापाच्या ऐकलेल्या सगळ्या गोष्टी सांगितल्या आणि त्यातल्या निम्म्या इथे बसून खऱ्या वाटायला लागल्या. संध्याकाळी पाऊस थांबला. उद्या पाणी उतरेल, तर झोपडी झाडून ठेवू, म्हणून नायरी केरसुणी घेऊन गुडघ्यावर बसली आणि बाकाखाली वाकली.

आदल्या रात्री ती ज्या बाकावर झोपली होती, त्याची मधली फळी खचली होती. तिला कुणीतरी खालून टेकू दिला होता. काळाकुट्ट, धुराने माखलेला, आडवा ठोकलेला एक तुकडा. त्याच्या एका अंगाला अर्धगोल पन्हळ होती, बोट बसेल एवढी. बंदुकीच्या नळीएवढी.

"ग्लेनिस, टॉर्च दे," ती म्हणाली.

तुकडा सुटल्यावर तिने टोकाची खालची बाजू ओल्या फडक्याने पुसली. काजळीखालून आकडे वर आले. एकेक आकडा ठोकून उमटवलेला. तिने खिशातून चिठ्ठी काढली नाही, नंबर पाठ होता. ग्लेनिसने मात्र चिठ्ठी मागितली आणि बोट ठेवून, मोठ्याने, एकेक आकडा जुळवून पाहिला.

टेकूच्या जागी नायरीने तिथल्याच सुक्या लाकडाचा तुकडा मोजून कापून ठोकला आणि स्वतः त्यावर तीनदा बसून उठली. राता लाकडाचा अडसर जाळीच्या कपाटाला बसवला. कपाटाची कडी सैल होती आणि किया अजून होतेच.

शेडमधलं काम मार्चभर चाललं. आधी मागचा भाग. सात वर्षांच्या शिकारीत आणि नंतरच्या पन्नास वर्षांत तेल मुरून लाकूड स्पंजासारखं झालं होतं. गोळी सुटल्यावर रायफलीचा सगळा धक्का जिथे लाकडावर बसतो, तिथल्या दोन्ही खाचा पिचल्या होत्या. नायरीने खडूची भुकटी थापली, उन्हात ठेवली, भुकटी तेलाने पिवळी झाली की झटकली आणि पुन्हा थापली. असं नऊ वेळा. मग पिचलेला भाग पटाशीने काढून तिथे कडक लाकडाचे दोन ठोकळे बसवले, केसभर फट न ठेवता.

मग सांधा. करवतीने खाल्लेलं लाकूड आणि कानशीने गोल केलेल्या कडा धरून दोन तुकड्यांत पाव इंचाची तूट होती. नुसते टोकाला टोक चिकटवले असते तर पहिल्या दहा गोळ्यांत सुटले असते. तिने दोन्ही टोकं पायरीसारखी कापली, मध्ये जुन्या अक्रोडाची पट्टी घातली, आडव्या दोन खुंट्या ठोकल्या आणि तीन दिवस शिकंज्यात आवळून ठेवलं. अडसराचं भोक त्याच लाकडाच्या गुडदीने बुजवलं. रायफलीची मधली लोखंडी पट्टी वर चढली की सांधा तिच्याखाली झाकला जात होता. आयव्हरने पट्टीला चिकटून कापलं होतं म्हणून. दोन इंच इकडेतिकडे कापलं असतं तर सांधा जन्मभर दिसला असता.

वरची झाकणं तिने एका मोडक्या पियानोच्या अक्रोडातून रंध्याने काढली. उरली टोकाची लोखंडी टोपी. ती कुठे मिळत नव्हती. डनिडनच्या सुट्या भागांच्या दुकानदाराने कानांवर हात ठेवले आणि दोन महिने थांबायला सांगितलं.

मार्चच्या शेवटी डेस सहज आल्यासारखा शेडमध्ये आला. त्याने सांधा पाहिला. चष्मा काढून पाहिला, चष्मा लावून पाहिला, नखाने चाचपला. मागचं लाकूड मधासारखं तपकिरी होतं आणि पुढचं धुराने जवळजवळ काळं.

"रंगवून एक करणार ना?"

"नाही. सत्तावन्न वर्षं वेगळी राहिलीत, तशी दिसू देत."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दाराबाहेर एका जुन्या तंबाखूच्या डब्यात ती टोपी होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, स्क्रू आणि स्प्रिंगसकट.

पण रायफल नेमाला येईना. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी नायरीने मैदानावर पाच गोळ्या झाडल्या. शंभर मीटरवरच्या कागदावर त्या अशा विखुरल्या, जणू पाच वेगवेगळ्या माणसांनी झाडल्या असाव्यात. सगळ्या डावीकडे. सांधा तसूभर हलला नव्हता, ते तिने आधी तपासलं. मग चूक कुठे?

डेस दोन जागा सोडून पालथा पडला होता. तो उठून आला.

"नळी पुढे कुठेतरी कुशीला घासतेय," तो म्हणाला. "त्या लाकडाने सत्तावन्न वर्षं पाठ वाकवलीय, आता ते नळीला ढकलतंय. स्प्रिंगने तिला फक्त खालून उचलायचं असतं. बाजूने कुणी हात लावायचा नाही."

नायरीला हे माहीत असायला हवं होतं. तिने ते कबूल केलं. लाकूड तिचं काम होतं, पण लोखंड लाकडात कसं राहतं, हे डेसचं. त्याच दुपारी दोघांनी तिच्या शेडमध्ये नळीला दिव्याची काजळी फासली, बसवली, काढली, लाकडावर जिथे काळा डाग उमटला तिथे पटाशीच्या धारेने खरवडलं, पुन्हा काजळी, पुन्हा बसवणं. डेस दाखवायचा, नायरी खरवडायची. त्याने एकदा पटाशी मागितली, तिने दिली नाही. चौथ्या खेपेला डाग उमटला नाही. पुढच्या शनिवारी पाच गोळ्या बशीएवढ्या जागेत बसल्या.

अँझॅक दिनानंतरच्या रविवारी लख्ख ऊन होतं, डोंगरांवर येत्या हिवाळ्याचं नवं बर्फ. चौदा जण आले होते. क्लबच्या बायकांनी बेकन-अंड्याचे पाय आणि चहाचा मोठा बंब लावला होता. ग्लेनिस शाळेची छोटी बस घेऊन आली आणि बापाला हाताला धरून उतरवलं. आयव्हरने या दिवसासाठी टाय बांधला होता.

तपासणीच्या टेबलामागे डेस होता. नायरीची पाळी आली तेव्हा बाकीचे आपोआप जवळ सरकले. डेसने बोल्टचा नंबर वाचला, अंगावरचा वाचला, रायफल उलटी करून लाकडावरचा वाचला. टोपीवरचा नंबर वेगळा होता, तो त्याने वाचला नाही. ग्रेमाउथहून आलेला एक दातांचा डॉक्टर, नव्या-जुन्या रायफलींचा मोठा जाणकार, त्याच्या खांद्यावरून वाकून म्हणाला की यात सांधा आहे, हे अखंड लाकूड नाही, मग हे नियमात कसं बसतं?

डेसने रायफल खाली ठेवली नाही. त्याच्या हातात ती होती आणि तो शांतपणे बोलला.

"लढाईच्या काळात लाकूड फुटलं की शस्त्रागारातले सुतार नवी लाकडं मागवत बसत नव्हते. सांधायचे आणि परत पाठवायचे. मी असे सांधे शंभर पाहिलेत. यातला एकही याहून चांगला नव्हता. सैन्याने दिली तशी. पुढचा."

डॉक्टर मागे सरला. नायरीने रायफल घेतली. तिचे कान गरम झाले होते, पण ती फक्त "बरं" म्हणाली.

ती रायफल आयव्हरकडे घेऊन गेली. त्याने ती दोन्ही हातांवर तोलली आणि तोंड वाकडं केलं, मग अंगठा पट्टीवरून पुढेमागे फिरवत राहिला.

"कुठंय?"

"पट्टीखाली."

"मी वाकडं कापलं असेल. मेणबत्ती होती नुसती."

"सरळ कापलं होतंत तुम्ही, आयव्हर," नायरी म्हणाली. "वाकडं कापलं असतं तर मी हातच घातला नसता."

म्हाताऱ्याने डोंगराकडे मान फिरवली. मग त्याने विचारलं, चहात साखर घालतात का इथे.

स्पर्धेत दातांचा डॉक्टर पहिला आला, डेस दुसरा, नायरी तिसरी, डेसहून दोन गुणांनी मागे. ते दोन गुण शेवटच्या गोळीत गेले होते, आणि ती चूक रायफलीची नव्हती, हे तिने सगळ्यांसमोर सांगितलं. पुढच्या वर्षी ते परत घेईन, हेही सांगितलं.

सगळं आटोपल्यावर तिने आयव्हरला विचारलं, एक गोळी झाडता का? त्याने नाही म्हटलं. कागदावर गोळी वाया घालवायला सरकार त्याला कधी पगार देत नव्हतं. "हिला दे," तो म्हणाला. "घरात रायफल असून पोरीला कधी हात लावू दिला नाही मी. तिच्या आईला आवडायचं नाही." आणि जरा थांबून, "मलाही आवडायचं नाही, खरं म्हणजे."

ग्लेनिसने आधी बसकडे पाहिलं, मग बापाकडे. मग ती चटईवर पालथी पडली. नायरी तिच्या खांद्याला खांदा लावून शेजारी पडली, तिचा गाल दस्त्यावर टेकवला, कोपर सरकवलं. श्वास अर्धा सोड, चाप ओढू नको, दाब, तो आपोआप सुटू दे. मागून आयव्हर मैदानभर ऐकू जाईल अशा आवाजात वेगळंच काहीतरी सांगत होता. ग्लेनिसने त्याचं ऐकलं नाही. गोळी सुटली, तिचा खांदा मागे गेला, आणि डेसने दुर्बिणीतून पाहून सांगितलं: निशाणाच्या काळ्यात, वरच्या कडेला.

ग्लेनिस तशीच पडून राहिली आणि म्हणाली, "अजून एक आहे का?"

बसमध्ये चढताना तिने नायरीला बाजूला घेतलं. विकायला नको होती, हे तिला झोपडीतच कळलं होतं, पण मागायचं तोंड नव्हतं. नायरीने हे येणार म्हणून धरूनच ठेवलं होतं. रायफल ठेवायचा तिचा हट्ट नव्हता, तिला ती उभी करायची होती आणि ती झाली होती. पण बापाची आठवण म्हणून भिंतीवर टांगायला ती देणार नव्हती.

"परवाना काढ," ती म्हणाली. "हिवाळाभर दर शनिवारी मैदानावर ये. मग बोलू."

ग्लेनिस आली. पावसात आली, गारठ्यात आली, एकदा बसच्या गणवेशातच आली. जुलैत तिने परवान्याची परीक्षा दिली, ऑगस्टमध्ये पोलिसांनी घरी येऊन कुलपाचं कपाट तपासलं, आणि सप्टेंबरमध्ये ती ट्रेलरभर सुकं जळाऊ लाकूड घेऊन नायरीच्या दारात उभी राहिली. नायरीने लाकूड उतरवून घेतलं, रायफलीला जवसाच्या तेलाचा शेवटचा हात दिला आणि ती तिच्या हवाली केली.

पुढच्या एप्रिलमध्ये, नर हरणं डरकाळ्या फोडायला लागली तेव्हा, ग्लेनिसने खोऱ्याच्या तोंडाशी पहिलं हरीण मारलं. रविवारी तिने नायरी, डेस आणि बाप अशा तिघांना जेवायला बोलावलं. मांस जरा जास्तच शिजलं होतं. आयव्हरने किती लांबून मारलंस, असं विचारलं. साठ पावलांवरून, असं तिने सांगितलं. त्यावर तो म्हणाला की साठ पावलांवरून आंधळ्यालाही लागतं, आणि ताट पुढे करून त्याने आणखी वाढायला सांगितलं.